शिवारातलं पाणी, ताटातलं रान

आखाजीला तुमच्या विहिरीत किती फूट पाणी होतं आणि दिवाळीला किती? हे दोन आकडे सांगणारा शेतकरी जळगाव-धुळे जिल्ह्यांत शोधावा लागतो. कापसाचा कालचा भाव सगळ्यांना पाठ असतो, रावेर-सावद्याच्या केळीची आजची रास ठाऊक असते. विहिरीबद्दल मात्र 'यंदा बरं आहे' किंवा 'लवकर उतरलं' एवढंच सांगितलं जातं. आपल्या मातीला धरून, तिला न ओरबाडता जगायचं म्हणणाऱ्या प्रत्येकानं सुरुवात या दोन आकड्यांपासून करावी. एक दोरी घ्या, टोकाला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि घरातल्या कॅलेंडरवर त्याच दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवा. बोअर असेल तर दोरी चालणार नाही. तिथे मोटर सलग किती वेळ चालते आणि कधी हवा ओढायला लागते, हे घड्याळ लावून लिहा. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदी महत्त्वाच्या आहेतच, पण तुमच्या शेतातल्या झऱ्याची हकीकत त्यांत नसते. तीन-चार वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या की उन्हाळी पीक धरायचं की नाही, धरायचं तर किती बिघे, याचं उत्तर शेजाऱ्याकडे बघून द्यावं लागत नाही.

दुसरं काम म्हणजे आपल्या पायाखाली काय आहे ते ओळखणं. खान्देश वरून सपाट आणि एकसारखा दिसतो, खालून तो फार वेगवेगळा आहे. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा, वाळूचा आणि मातीचा जाड थर आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बजाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले या पट्ट्यात आले की त्यांचं पाणी भराभर खाली मुरतं. तापीकाठच्या केळीचं वैभव या साठ्यावर उभं आहे. तो साठा आपण इतका उपसला की शासनाच्या भूजल मूल्यांकनात रावेर आणि यावल हे अतिउपशाचे तालुके म्हणून नोंदले गेले. तापीच्या दक्षिणेला, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे, साक्री या बाजूला खाली काळा कातळ आहे. तिथे पाणी फक्त मुरमात आणि दगडाच्या भेगांत साठतं. साठा लहान, भरतो लवकर आणि संपतोही लवकर. त्यात धुळे जिल्ह्यात काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या लांबच लांब रांगा जमिनीतून वर आलेल्या दिसतात. लाव्हा भेगांत थिजून त्या बनल्या आहेत आणि भूगर्भातलं पाणी त्या अडवतात. अशा रांगेच्या वरच्या अंगाला घेतलेल्या विहिरीला बहुधा पाणी टिकतं, खालच्या अंगाची लवकर कोरडी पडते. गावातले जुने विहीर खोदणारे हे जाणून असतात. बोअरसाठी नारळ घेऊन फिरणाऱ्या माणसाला बोलावण्याआधी त्यांना विचारा.

हे सांगायचं कारण, गावोगावी सध्या नाला खोल करण्याची घाई दिसते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४च्या सुमारास नाले रुंद आणि खोल करून, त्यांवर बंधारे बांधून पाणी मुरवण्याचं काम सुरू केलं. आमदार अमरीशभाई पटेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 'शिरपूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. शिरपूरचा बराचसा भाग तापीच्या गाळाचा आहे. वरचा चिकणमातीचा घट्ट थर फोडला की खालच्या वाळूत पाणी उतरतं, म्हणून तिथे त्याचा गुण आला. तोच प्रयोग कातळाच्या गावात आंधळेपणानं केला तर नाल्याचा तळ फुटतो, आजूबाजूच्या उथळ विहिरींचं पाणी नाल्यात उतरून वाहून जातं आणि वरच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं. भूजलतज्ज्ञांनी हा इशारा अनेकदा दिला आहे. तेव्हा गावात जेसीबी आला तर आधी जिल्ह्याच्या भूजल यंत्रणेकडे लेखी सल्ला मागा. मुरूम लागेपर्यंतचा गाळ काढणं आणि कातळ फोडणं यात फार अंतर आहे. काढलेला गाळ शेतात टाकायचा असेल तर हलक्या, मुरमाड जमिनीत टाका. तळ्याकाठच्या भारी काळ्या जमिनीत आणखी चिकण गाळ टाकला तर पावसाळ्यात पीक पाण्यात उभं राहतं.

पाण्याच्या बाबतीत खान्देशाला बाहेरून शिकायची गरज आहे त्याहून जास्त आपलंच आठवायची गरज आहे. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, तीन-चारशे वर्षांपासून फड बागायत चालत आली. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठानं गेलात तर नदीत आडवे घातलेले जुने दगडी बंधारे आजही दिसतात. बंधाऱ्यापासून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या फुटतात, जास्तीचं पाणी सांडीवरून परत नदीत जातं. कुठेही पंप नाही, सगळं उतारानं. पण फडाची खरी करामत बांधकामात नव्हती, ती नियमात होती. बंधाऱ्याखालचं सगळं भिजक्षेत्र तीन-चार किंवा जास्त फडांत विभागलेलं असे. एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात भुसार, आणि दर वर्षी पाळी फिरायची. शेतकऱ्याची जमीन होईल तितकी प्रत्येक फडात थोडी थोडी असायची, त्यामुळे उसाचा फायदा आणि कोरड्याचा तोटा दोन्ही वाटून येत. नदी आटलेल्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यायचं आणि कोणता फड कोरडा ठेवायचा, हे पंच ठरवत. म्हणजे पाणी कमी झालं की क्षेत्र कमी व्हायचं, आणि ते सगळ्यांचं मिळून व्हायचं.

यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट पाटकऱ्याची. पाणी शेतकरी स्वतः फोडत नसे. गावानं नेमलेला पाटकरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाफे भरत जायचा, त्याच्यावर हवालदाराची देखरेख, पिकाच्या राखणीला जागल्या. या सगळ्यांना शेतकरी धान्याच्या रूपानं मोबदला देत. ज्याच्या हातात पाणी, त्याचं शेत त्या फडात नाही, मग चोरी कोणी करायची? रात्री बारे धरायला कुणाला उठावं लागत नसे. पावसाळ्यानंतर कालव्याचा गाळ काढायला घरटी माणूस जायचा. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८४ साली नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या काळात याच खान्देशात काम केलं आणि पांझरेच्या पाण्यासाठी दातर्तीला नळवाहिनीचं अवघड काम त्यांनी तरुणपणी तडीस नेलं. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर जी गटवार सिंचनाची पद्धत आणली, तिचं फडाशी असलेलं नातं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीपात्रात आणि काठावर मोटारी बसल्या, ज्याला जे पीक हवं ते तो घेऊ लागला आणि फड मोडत गेले. काही ठिकाणी ते अजून तग धरून आहेत. त्या गावांत जाऊन म्हाताऱ्या पाटकऱ्यांशी बोलून घ्या. ही माणसं गेली की कागदावरचे नकाशे उरतील.

आज फड जसाच्या तसा उभा करता येणार नाही, पण त्यातले तीन नियम कुठल्याही वस्तीला लागू होतात. एकाच नाल्यावर किंवा एकाच पाझर तलावाखाली दहा-बारा विहिरी असतील तर त्या दहा-बारा घरांनी दिवाळीनंतर एकत्र बसावं, आपापले आकडे समोर ठेवावेत आणि उन्हाळी पिकाचं एकूण क्षेत्र ठरवावं. सामाईक पाणी असेल तर ते फोडायला पगारी माणूस ठेवावा. त्याचा पगार भांडणांपेक्षा आणि वकिलापेक्षा स्वस्त पडतो. आणि वर्षातला एक दिवस गाळ काढण्याचा ठरवावा, त्या दिवशी सगळ्यांनी जावं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याची दारं पाऊस ओसरताच, ऑक्टोबरमध्ये, वेळेवर बसली का आणि पावसाळ्याआधी निघाली का, हे पाहणं गावाचं काम आहे. दारं गोदामात पडून राहिली आणि पाणी वाहून गेलं, अशी गावं आपल्याकडे थोडी नाहीत. बंधारा नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालायला एक रविवार पुरतो. तोही पाऊस थांबल्यावर लगेच, नाल्याला धार असतानाच घालायला हवा. डिसेंबरात घातला तर अडवायला काहीच उरत नाही.

आता केळीकडे येऊ. जळगावची केळी हा आपला अभिमान आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला गेली, आणि रावेर-सावद्याहून रेल्वेनं दिल्लीकडे केळी जाण्याला तर कैक पिढ्या झाल्या. जवळच्यावर जगावं म्हणजे केळी बाहेर विकू नये, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पैसा आला पाहिजे. पण केळीला वर्षभरात सुमारे १,८०० ते २,००० मिलिमीटर पाणी लागतं आणि जळगाव जिल्ह्यात पाऊस पडतो साधारण ७०० मिलिमीटर. हा फरक जमिनीखालून भरून काढला जातो. ठिबक आता बहुतेक बागांत आहे, जळगावच्या जैन उद्योगसमूहानं ते आणि उतिसंवर्धित रोपं शेतकऱ्यापर्यंत आणली. मात्र ठिबकानं वाचलेलं पाणी लगेच आणखी दोन बिघे केळी वाढवून खर्च केलं तर विहिरीला काय मिळालं? वाचलेल्या पाण्याचा काही भाग जमिनीतच राहू द्यायचा, हा नियम स्वतःला घालून घ्या. मृगबाग आणि कांदेबाग दोन्ही धरण्याआधी आखाजीच्या नोंदी बघा. घड कापल्यावर खोडं बांधावर फेकून सडवू नका आणि पेटवूही नका. तिथेच तुकडे करून दोन ओळींत पसरा, वर थोडं शेण-मातीचं पाणी शिंपडा. केळीच्या खोडात पाणी आणि पालाश भरपूर असतं, ते पुढच्या बागेला खत म्हणून परत मिळतं. पिलबाग धरणाऱ्यांना तर हे आच्छादन उन्हाळ्यात फारच उपयोगी पडतं.

कापसाचंही तसंच. डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटा. फरदडीच्या चार बोंडांच्या लोभापायी गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं आणि सगळ्या शिवाराला फवारे मारावे लागतात. उपटलेल्या पऱ्हाट्या पेटवून देण्याआधी त्यांचं काय होऊ शकतं ते पाहा. यंत्रानं बारीक करून रानातच गाडता येतात, कंपोस्टच्या खड्ड्यात घालता येतात, चुलीला तर त्या लागतातच.

आणि चुलीवरून आठवलं, भरीत. खान्देशी भरीत सामान जुळवण्याच्या दृष्टीनंही नीट पाहण्यासारखं आहे. थंडी पडली की हिरवी-पांढुरकी, मोठाली, कमी बियांची भरिताची वांगी बाजारात येतात. आसोदा आणि बामणोद या गावांच्या वांग्यांचं नाव घेतलं जातं, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती भाजायची कापसाच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या काड्यांवर. झटकन पेटणारा, झटकन विझणारा तो जाळ वांग्याची साल काळी करतो आणि गर आतल्या आत शिजवतो. मग साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. शेतातलं सरपण, बांधावरची भाजी, त्याच काळ्या मातीतलं धान्य. तेलाचा डबा सोडला तर या जेवणासाठी गावाबाहेर जावं लागत नाही. पाहुणे आले की हॉटेलातून पनीर मागवण्याची रीत आता खेड्यांतही रुळते आहे. पाहुण्यांना भरीत वाढा, ते जास्त खूश होतात.

कळणा करायचा तर साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि मीठ घालून दळून आणा. प्रमाण घरोघरी थोडं बदलतं. ज्वारी मात्र दादर घ्या. पाऊस संपताना भारी काळ्या जमिनीत पेरलेली दादर नुसत्या ओलीवर, फार तर एखाद्या पाण्यावर, येते. अमळनेर-चोपड्याच्या तापीकाठच्या जमिनी तिच्यासाठी नावाजलेल्या. दाणा घराला आणि कडबा जनावराला. दादर पेरणं कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे शहरी घरांनी ती विकत घेणं सोडलं. जळगाव आणि धुळे शहरांत राहणाऱ्यांनी यात सहज हातभार लावावा असं काम आहे. आपल्या मूळ गावातल्या किंवा ओळखीच्या एका शेतकऱ्याशी पेरणीआधी बोला, वर्षाला लागणारे एक-दोन क्विंटल आधीच ठरवून टाका, शक्य असेल तर थोडी उचल द्या. खरेदी ठरलेली असली की शेतकरी एखादा बिघा दादरीला सोडतो. उडीद, मूग, तीळ, भुईमूग यांचंही असंच ठरवता येतं. बिबडे, पापड, कुरडया करून देणारे बचत गट तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांच्याकडून घेतलं तर पैसा गावातच फिरतो आणि कुरिअरचं प्लॅस्टिकही वाचतं.

पावसाळ्यात ताट आणखी बदलायला हवं. तरोटा, कुर्डू, कटुर्ले, घोळ, चिवळ, पाथरी, अंबाडी, शेवग्याचा पाला यांतलं बहुतेक न पेरता, न फवारता येतं. रानभाजी घेताना तीन गोष्टी पाळा. गावातली जाणती बाई ओळखून देईल तीच भाजी आणा, मोबाइलमधल्या चित्रावर भरवसा ठेवून कधीही नाही, कारण दिसायला सारख्या वनस्पतींत विषारीही असतात. कडूकंदासारखे रानातले कंद काप करून, राखेच्या पाण्यात उकळून, वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय खाता येत नाहीत, ते आदिवासी घरांचं कसब आहे, अंदाजानं करू नये. आणि तणनाशक मारलेल्या कापसाच्या बांधावरून किंवा महामार्गाच्या कडेनं काहीही तोडू नका. मुळासकट उपटूही नका, शेंडे खुडा.

रानभाज्यांचं बोलणं निघालं की बारीपाड्याला जावंच लागतं. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेजवळ, कोकणा आदिवासींचं शंभरेक घरांचं हे गाव. १९९०च्या आसपास डोंगर उघडे पडले होते, बायका पाण्यासाठी वणवण करत होत्या. गावातला वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिकलेला तरुण चैत्राम पवार नोकरीसाठी बाहेर गेला नाही. वनवासी कल्याण आश्रमाची साथ होती, पण काम गावानं केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, ठरलेल्या दिवसांतच वाळलेलं जळण आणायचं, मोडलं तर दंड. सुमारे ४४५ हेक्टर जंगल त्यातून पुन्हा उभं राहिलं. ओढ्यांना पाणी टिकू लागलं, दुसरं पीक येऊ लागलं, भात चारसूत्री पद्धतीनं होऊ लागला. २००४पासून तिथे दर पावसाळ्यात रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. गावोगावच्या बाया आपापल्या भाज्या रांधून आणतात आणि त्यांच्याकडची माहिती त्याच सांगतात. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पुरस्काराची बातमी वाचून आपण टाळ्या वाजवतो आणि पान उलटतो. तसं करू नका, एकदा जाऊन या, पण पाहुणे म्हणून सेल्फी काढायला जाऊ नका. आपल्या गावातले तीन-चार निर्णय घेणारे लोक, त्यात दोन तरी बाया, असे सोबत न्या आणि फक्त एवढं विचारा: पहिला नियम मोडला तेव्हा तुम्ही काय केलंत? झाड कसं लावायचं हे सगळ्यांना येतं. आपल्याच भावकीतल्या माणसाला दंड कसा करायचा, हे बारीपाड्याकडून शिकायचं आहे.

धुळे तालुक्यातलं लामकानी त्याहून जवळचं आणि मैदानी खान्देशाला जास्त लागू पडणारं उदाहरण आहे. तिथे घनदाट जंगल नव्हतं, उघडी माळरानं होती. डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकारानं गावानं डोंगर चराईपासून राखला, चर खणले आणि गवत परत आलं. आपल्याकडे वृक्षारोपण म्हटलं की माळावर खड्डे खणून परकी झाडं लावतात, उन्हाळ्यात ती वाळतात, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लागवड होते. ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या धुळ्यात माळ हा गवताचाच असतो. मारवेल, पवन्यासारखं गवत माती धरतं, पाणी मुरवतं आणि चारा देतं. दोन पावसाळे नुसती राखण केली तरी फरक दिसतो आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य. फक्त मेंढपाळांना आणि शेळ्या पाळणाऱ्या गरीब घरांना आधी बोलवा. त्यांच्यासाठी चराईचा वेगळा भाग ठेवा, राखलेलं गवत कापून नेण्यात पहिला हक्क त्यांना द्या. त्यांना डावलून केलेली चराईबंदी टिकत नाही आणि ती टिकूही नये.

शहरातल्यांनी हे सगळं खेड्याचं म्हणून बाजूला ठेवू नये. जळगाव, भुसावळ, धुळे इथला मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५च्या पुढे जातो. आपल्या आजोबांची धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर, ही या उन्हाला दिलेली उत्तरं होती. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खोलीत सोडतो. पाडव्याच्या आधी गच्चीला चुन्याचे दोन हात द्या, चिकटायला त्यात थोडा डिंक मिसळा. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवा किंवा कडुनिंब लावा, खिडकीला वाळ्याचे पडदे बांधा. एसी लावायचाच असेल तर तो कमी वेळ चालेल. गच्चीच्या पाण्याचा हिशेबही करून पाहा. १०० चौरस मीटर गच्ची आणि ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ६०,००० लिटर. वाया जाणारं धरून निदान ४८,००० लिटर हाती येतं, दहा हजारी टँकर धरला तर जवळपास पाच टँकर. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, गच्ची धुऊन निघू द्या. नंतरचं खडी, कोळसा, वाळूच्या गाळणीतून टाकीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात घ्या. मोरीचं किंवा रस्त्यावरचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका, त्या एका चुकीनं पूर्ण गल्लीचं पाणी नासतं.

वस्तू दुरुस्त करून वापरणं, कापडी पिशवी, ओला कचरा वेगळा ठेवणं, हे तुम्ही शंभर वेळा वाचलंय. ते कराच. पण एकेकट्या घराच्या चांगुलपणावर नदी वाहत नाही. पांझरेचा फड, बारीपाड्याचं जंगल, लामकानीचा माळ, तिन्ही ठिकाणी काम उभं राहिलं ते सगळ्यांनी मान्य केलेल्या आणि सगळ्यांवर सारख्या लागू झालेल्या एका नियमामुळे. त्याला कायद्याची जोडही आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती वही तुमच्या पंचायतीत मागून बघा. कोरी किंवा दुसऱ्याच गावाची नक्कल केलेली असेल तर गावातल्या जाणत्या बायांना बसवून नव्यानं भरा. डोंगराला लागून असलेल्या गावांना २००६च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मागता येतात.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. यातल्या पुढच्या सभेला वीस मुद्द्यांचं निवेदन घेऊन जाऊ नका. एकच ठराव न्या: अमुक नाल्याचा गाळ अमुक दिवशी सगळे मिळून काढू, किंवा अमुक माळ दोन पावसाळे राखू. त्या ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या. देखरेख कोण करणार त्याचं नाव, त्याला काय द्यायचं, आणि नियम मोडला तर दंड किती. शहरात असाल तर हाच ठराव सोसायटीच्या बैठकीत गच्चीच्या पाण्यासाठी मांडा. दंडाची रक्कम लिहिल्याशिवाय सभेतून उठू नका.